ताजे त्यांना, शिळे आम्हाला!

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे गाव वैनगंगेच्या काठावर आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. 'विदर्भाची काशी' म्हणून दरवर्षी वर्तमानपत्रांत देवळांचे फोटो छापून येतात. त्याच परिसरातील रेशन दुकानापुढच्या रांगेचा फोटो मात्र कधी छापून येत नाही. एका प्रकरणाच्या कामासाठी मी त्या भागातील एका गावात गेलो होतो. आपल्याच समाजातील एक म्हातारी बाई दुकानातून आणलेले रव्याचे पाकीट ताटात ओतून बसली होती. मला म्हणाली, "पाहा जी वकीलसाहेब, पाकीट आत्ताच फोडलं, अन् रवा चालून राह्यला!" ताटातला रवा खरोखरच चालत होता. बाईने तो फेकला नाही. उन्हात ठेवला, चाळला आणि डब्यात भरला. फेकून देणे परवडणाऱ्यांच्या घरात तिचा जन्म झालेला नव्हता.

गेल्या काही वर्षांत इंग्रजी वर्तमानपत्रांत 'सप्लाय चेन' हा शब्द फार गाजतो आहे. २०२० मध्ये कोरोना आला आणि जगभर कंटेनरची टंचाई झाली. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचे अजस्र जहाज सुवेझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफुलाच्या तेलाची वाट अडली. त्याच वर्षी २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एकेका फेरीला दहा-बारा दिवस जास्त लागू लागले. या सगळ्यावर मुंबई-पुण्याच्या पानांतून जी चर्चा झाली ती चीज, किवी, सफरचंद आणि चॉकलेट यांची. परदेशी माल मॉलमध्ये ताजा मिळेल की नाही, ही त्यांची चिंता.

मार्कंड्याच्या माणसाला वाटेल, या चर्चेशी आपला काय संबंध? संबंध आहे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पामतेलाचा आहे. गरिबाच्या कढईतले तेल हे आयात केलेले अन्न आहे. किवी न खाणारा माणूसही सुमात्राच्या मळ्यातले तेल खातो. फरक एवढाच की, ते कुठून आले, केव्हा निघाले, वाटेत किती दिवस पडून राहिले, हे त्याला कोणी सांगत नाही.

हे तेल बंदरावर उतरते, शुद्धीकरणाच्या कारखान्यात जाते, पिशव्यांत भरले जाते. सरकारी योजनेतले असेल तर पुरवठादार कंत्राटदाराकडे, तेथून तालुक्याच्या गोदामात आणि गोदामातून दुकानात येते. न्हावा-शेवा बंदरापासून चामोर्शी जवळजवळ हजार किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे ठाऊक आहे ती वडसा-देसाईगंजपुरती. पुढे सगळा ट्रकचा कारभार. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला, वरून गोसीखुर्दचे पाणी सोडले की नदीकाठचे रस्ते बंद. पर्लकोटा फुगली की भामरागड बंद. या प्रवासात दिवस कोठे जातात? समुद्रात दहा-बारा दिवस जास्त गेले तर त्याची जगभर बातमी होते. तालुक्याच्या गोदामात महिनाभर माल पडून राहिला तर त्याची नोंदसुद्धा वाचायला मिळत नाही.

काळ अन्नाचे काय करतो, हे समजून घेतले पाहिजे. साबूत धान्य कोरडे ठेवले तर बराच काळ टिकते. तेच दळून रवा किंवा मैदा केला की त्याचे आयुष्य घटते, कारण दाण्याचे कवच गेलेले असते. दमट हवेत आणि उष्णतेत किड्यांची अंडी काही दिवसांत फुटतात. तांदळात १४ टक्क्यांच्या वर ओल गेली की बुरशीला वाट मिळते. तेलाचे शत्रू तीन : ऊन, उजेड आणि हवा. त्यांच्यामुळे तेल खवट होते. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-गडचिरोलीचे ऊन कसे असते, ते येथल्या माणसाला सांगायला नको. येथे एक खुलासाही केला पाहिजे. हिवाळ्यात पामतेल पिशवीत थिजते, पांढरे होते. ते भेसळीचे किंवा खराब झाल्याचे लक्षण नव्हे, तो पामतेलाचा गुणधर्म आहे. आपली तक्रार खरी असावी लागते, तरच ती टिकते. थिजलेल्या तेलाची तक्रार टिकणार नाही. खवट वासाची आणि उलटून गेलेल्या तारखेची टिकेल.

आता कायद्याकडे वळू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखाली २०१७ मध्ये आयातीचे विनियम आले. त्यांत नियम असा की, परदेशातून आलेल्या अन्नपदार्थाचे टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ६० टक्के आयुष्य शिल्लक असले पाहिजे, किंवा मुदत संपायला किमान तीन महिने उरलेले असले पाहिजेत; यांपैकी जे कमी असेल तेवढे नसेल तर माल बंदरातून सोडायचा नाही. म्हणजे बंदरावर कायदा घड्याळ लावून उभा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये याच कायद्याखालील केंद्रीय प्राधिकरणाने मोबाईलवरून घरपोच माल विकणाऱ्या कंपन्यांना सांगितले की, ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाचे ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस तरी शिल्लक असले पाहिजेत. म्हणजे शहरातल्या फ्लॅटच्या दारावरही घड्याळ लागले.

मग मार्कंड्याच्या रेशन दुकानावर कोणते घड्याळ आहे? दुकानात माल पोहोचताना त्याचे किती आयुष्य शिल्लक असावे, असा नियम त्या बाईसाठी कोणी केला? ज्याच्याकडे पैसा आहे, जो नको असलेला माल परत पाठवू शकतो, दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, त्याच्यासाठी दोन-दोन घड्याळे. आणि जिला दुसरे दुकानच नाही तिच्यासाठी एकही नाही! जहाज सगळ्यांचेच उशिरा येते. शिळे मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. उशीर समुद्रात होतो, पण त्या उशिराची वाटणी जमिनीवर होते आणि ती समाजाची उतरंड बघून होते.

आंबेडकरी वाचकाला 'शिळे' हा शब्द नव्याने समजावून सांगायची गरज नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, अशी व्यवस्था सांगितली आहे. गावगाड्यात तीच व्यवस्था येसकराच्या भाकरीच्या रूपाने चालत आली. दिवसभर गावाची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार फिरून उरलेसुरले गोळा करायचे. ताजे मालकाचे, शिळे महाराचे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क मागितला, हे सगळ्यांना आठवते. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या माणसांना मृत मांस आणि उष्टे-शिळे सोडण्यास सांगितले, हे आपण विसरता कामा नये. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. पाण्याचा हक्क आणि शिळ्याचा त्याग ही एकाच लढ्याची दोन अंगे होती. पोट भरणे आणि मान राखून पोट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाडने शिकवले.

स्वातंत्र्यानंतर येसकराची भाकर गेली, पण आपल्याला परदेशाचे उरलेले खावे लागले. १९५६ पासून अमेरिकेच्या पीएल-४८० कराराखाली गहू येऊ लागला. १९६६ मध्ये देशाने एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणले. जहाज बंदराला लागले की धान्य थेट तोंडात, अशी परिस्थिती होती आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन हे जहाजे सोडताना राजकारण बघून हात आखडता घेत होते. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आला. ज्यांनी तो खाल्ला ते अजून त्याची आठवण काढताना तोंड वाकडे करतात. शेताच्या बांधावर माजणारे गाजर गवत याच आयात धान्यातून आले असे मानले जाते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले. पुढे २००६-०७ मध्ये सरकारने सुमारे ५५ लाख टन गहू आयात केला, तेव्हाही गुणवत्तेचे निकष सैल केल्यावरून वाद झाला. तेव्हा आयात केलेले अन्न आणि गरीब माणूस यांची गाठ फार जुनी आहे. घाई सरकारची असते, निकष सैल होतात आणि पोट गरिबाचे बिघडते.

अलीकडचे उदाहरण 'आनंदाचा शिधा' या योजनेचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवाळीसाठी निर्णय घेतला : १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकाधारकांना हे द्यायचे होते. निर्णय झाला ४ ऑक्टोबरला आणि दिवाळी होती त्याच महिन्यात! निविदा काढा, माल आणा, पाकिटे भरा, हजारो दुकानांत पोहोचवा, हे सारे तीन आठवड्यांत. व्हायचे तेच झाले. राज्यात अनेक ठिकाणी शिधा वेळेवर पोहोचला नाही, कोठे तेल नाही तर कोठे रवा नाही, अशा बातम्या आल्या. २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि १४ एप्रिलची भीमजयंती यांचे निमित्त साधून पुन्हा तोच शिधा जाहीर झाला. पुढे गणपती, दिवाळी, २०२४ मध्ये अयोध्येचा सोहळा आणि शिवजयंती अशी निमित्ते सापडत गेली. २०२५ च्या गणेशोत्सवात मात्र पैसे नाहीत म्हणून शिधा दिला गेला नाही.

या योजनेने कोणाच्याच घरात आनंद आला नाही, असे मी म्हणणार नाही. १०० रुपयांत तेल-साखर मिळाली तर गरिबाला दिलासा असतोच. प्रश्न वेगळा आहे. सणाच्या तारखेला बांधलेली वस्तू ही भेट असते, हक्क नसतो. भेट उशिरा आली तर जाब विचारता येत नाही, बंद झाली तर दाद मागता येत नाही. पुरवठा नियमित असेल तर गोदामात माल फिरता राहतो, जुना आधी निघतो आणि नवा मागून येतो. एकदम दीड कोटी पाकिटांचा लोंढा आला की सण संपल्यावर उरलेला माल कोपऱ्यात पडतो. शिळेपणा येथे जन्माला येतो. बाबासाहेबांच्या नावाने रवा वाटला, पण बाबासाहेबांनी शिकवलेला हक्क मात्र वाटला नाही!

आता दुसरी बाजू बघा. गडचिरोली हा धानाचा जिल्हा. आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने धान खरेदी करते. गोदामे अपुरी म्हणून धानाच्या थप्प्या उघड्यावर ताडपत्रीखाली राहतात, भरडाई रखडते आणि अवकाळी पावसात धान कुजते, ही या भागातली वर्षानुवर्षांची बातमी आहे. म्हणजे जे परक्या देशातून येते ते वाटेत शिळे होते आणि जे आपल्या बांधावर पिकते ते दारात कुजते! दोन्हींचे कारण एकच आहे. गोदाम, रस्ता आणि वेळापत्रक यांवर खर्च करायचा तो या माणसांसाठी करावा, असे कोणाला वाटत नाही. याच जिल्ह्यातून सुरजागडचे लोहखनिज भरलेले ट्रक रात्रंदिवस धावतात. खनिज बाहेर काढायला वेळापत्रक आहे, धान्य आत आणायला नाही. मग रस्ताच नाही, ही सबब कशी मान्य करायची?

पावसाळ्यात ज्या गावांचा संपर्क तुटतो त्यांना जून ते सप्टेंबरचे धान्य आधीच पोहोचवायचे, अशी तरतूद १९९५ च्या नवसंजीवन योजनेपासून आहे. ती आवश्यकच आहे. परंतु चार महिन्यांचे धान्य आधी द्यायचे तर ते चार महिने कोरडे राहील अशी जागाही दिली पाहिजे. गळक्या समाजमंदिरात पोती रचून सरकारचे काम कागदावर पूर्ण होते. धान्य पोहोचले, पण अन्न पोहोचले नाही.

काही लोक म्हणतील, फुकट मिळते, मग तक्रार कसली? आपल्यातले शिकलेले, नोकरीतले लोकही असे बोलू लागले आहेत, म्हणून उत्तर देतो. २००१ मध्ये 'पीयूसीएल'ची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली ती गोदामात धान्य सडत असताना माणसे उपाशी होती म्हणून. २०१० मध्ये न्यायालयाला सरकारला सांगावे लागले की, सडवण्यापेक्षा गरिबांना वाटा. त्या लढ्यातून २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्याच्या उद्देशातच पुरेसे आणि दर्जेदार अन्न, तसेच सन्मानाने जगणे हे शब्द आहेत. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले, म्हणून ते दान झाले नाही. किंमत शून्य झाली, हक्क शून्य झाला नाही.

वकील म्हणून येथे स्पष्ट सांगतो की, अन्न सुरक्षा कायद्याचा हक्क धान्याचा आहे. तेल, रवा, साखर यांना त्या कायद्याचे संरक्षण नाही. म्हणून सणाचा शिधा मिळाला नाही या कारणाने कलम ८ चा भत्ता मागता येणार नाही. धान्य मात्र मिळाले नाही तर तो मागता येतो. परंतु २००६ चा कायदा सर्व अन्नाला लागू आहे. नफ्यासाठी असो वा नसो, खाजगी असो वा सरकारी, अन्नाचा व्यवहार करणारा प्रत्येक जण त्यात येतो. किडे-अळ्या पडलेले अन्न त्या कायद्याच्या व्याख्येत असुरक्षित अन्न आहे. मुदत संपलेला माल पुरवणारा आणि विकणारा, दोघेही कलम २७ खाली जबाबदार आहेत. कलम ४० प्रमाणे सामान्य खरेदीदारालाही शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो आणि माल असुरक्षित निघाला तर शुल्क परत मिळते. १०० रुपये मोजून घेतलेल्या शिध्याबाबत ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मोफत धान्याबाबत तेथे 'तुम्ही ग्राहकच नाही' असा वाद घातला जाईल; तेव्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग हा सरळ मार्ग.

चळवळीने काय करावे? पहिले, दुकानात माल आला की पाकिटावरची तयार झाल्याची आणि मुदतीची तारीख आपल्या तरुणांनी वहीत लिहावी. सहा महिन्यांची अशी वही म्हणजे पुरावा. दुसरे, कलम २९ च्या दक्षता समितीत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपल्या गावात ती समिती आहे की कागदावरच आहे, हे ग्रामसभेत विचारावे. तिसरे, कलम २८ चे सामाजिक लेखापरीक्षण मागावे आणि त्यात माल गोदामात किती दिवस होता, हा प्रश्न घालावा. चौथे, कलम ३० दुर्गम, डोंगराळ आणि आदिवासी भागांकडे विशेष लक्ष द्या असे सरकारला बजावते आणि कलम १२ मध्ये स्थानिक वितरण व्यवस्था व धान्य बँकांना साहाय्य करण्याची तरतूद आहे. जवस, तीळ, मोहाची टोळी यांचे तेल काढणाऱ्या या मुलखाला दोन समुद्र ओलांडून आलेल्या तेलावरच का ठेवायचे? सगळी आयात बंद करा, अशी ही मागणी नाही. तेवढे तेल आज देशात पिकत नाही. परंतु जे येथे पिकते त्याला येथे गोदाम, घाणी आणि खरेदी मिळाली पाहिजे. पाचवी आणि मुख्य मागणी : बंदरावर जो नियम आहे, घरपोच विक्रीला जो नियम आहे, तसाच शिल्लक मुदतीचा नियम सरकारी शिध्याला लावा. त्यापेक्षा जुना माल दुकानात उतरवूनच घ्यायचा नाही. ही मागणी आदिवासी, ओबीसी आणि बौद्ध, सर्वांची आहे. रांगेत सगळे एकत्र उभे असतात, मग मागणी वेगवेगळी कशाला?

आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्म साहित्यात येते. हरवलेला बैल शोधून दमलेला तो उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. उपाशी माणसाला केवळ शब्द देऊ नयेत, हा त्याचा अर्थ. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी लोकांना धम्मदीक्षा दिली. मार्कंडा तेव्हा त्याच चांदा जिल्ह्यात होते. दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांनी आपापल्या गावी येसकरीची भाकर नाकारली. उपाशी राहिले, पण शिळे नाकारले.

त्यांच्या नातवंडांच्या घरात आज रवा चालतो आहे. तो चाळून गप्प बसायचे, की तारीख लिहून घेऊन जाब विचारायचा, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!